चार्जर कोणी बदलला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त झाल्यावर लिहू म्हटलं, मग मुलीचं लग्न होऊन जाऊ दे म्हटलं, मग हिचं आजारपण निघालं. आता सत्तरी ओलांडूनही काही वर्षं झाली आहेत, आणि पुढे ढकलायला नवं कारण सुचत नाही. म्हणून बसलो आहे.

ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याचं नाव देणार नाही. ते नाव एकदा माझ्या हाताने एका सरकारी कागदावर लिहिलं गेलं. पुन्हा ते लिहिण्याचा हक्क मला राहिलेला नाही.

त्याच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेलात, की तो आधी दोन्ही तळहात शर्टावर पुसायचा. मग तुमच्या पिशवीकडे बघून विचारायचा, "जोडी आनली का?"

जोडी म्हणजे लॅपटॉप आणि त्याचा स्वतःचा चार्जर. नुसता लॅपटॉप तो बघतच नसे. एकदा एक मास्तर चार्जर घरी ठेवून आले होते. "चार्जर चांगला आहे हो, लॅपटॉपच बिघडलाय," म्हणाले. हा हसून म्हणाला, "गुरुजी, भांडन दोघायचं, अन् तुम्ही एकट्या नवरदेवाले घेऊन आले. बायको काय म्हनते ते आयकल्याबिगर मी न्याय कसा करू?" मास्तर मुकाट्याने गाडीला किक मारून घरी परत गेले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. वर पाटी रेडिओ दुरुस्तीची. ती त्याच्या वडिलांची. वडिलांनी रेडिओ केले, याने टीव्ही केले, मग मोबाईल, मग कॉम्प्युटर, पण पाटी बदलली नाही. कोणी टोकलं तर म्हणायचा, "बापाचं नाव हाय त्याच्यावर. मी काय, उद्या आनखीन काही रिपेर करीन." बौद्ध वस्तीतून सायकलने यायचा आणि शटर उघडलं, की टेबलावरची धूळ तीन वेळा पुसायचा. दोनदा पुसूनही भागलं असतं असं मला नेहमी वाटायचं.

आमच्या भागात कापसाच्या दिवसांत रस्त्यावरून गाड्या चालल्या, की रुई हवेत तरंगते. एका जिनिंगचा मुनीम एकदा लॅपटॉप घेऊन आला. चार्जर लावला तरी चार्जच होत नव्हता. याने भिंग डोळ्याला लावलं, सेफ्टी पिनने चार्जर खुपसायच्या भोकातून कापसाचा एवढासा पुंजका बाहेर ओढला आणि मुनिमाच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा माल. भाव आला का इका." त्या वर्षी भाव येणार नाही हे दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे हसले. मुनीमही हसला.

त्याची आणखी एक पद्धत होती. दुरुस्ती झाली, की तो लॅपटॉपच्या पोटाखाली आणि चार्जरच्या डबीवर नेलपॉलिशचा सारख्याच रंगाचा एकेक ठिपका द्यायचा. म्हणजे जोडी चुकायला नको. बाटल्या बायकोच्या. "आमच्या मंडळीले एका बोटापुरता रंग भेटते," सांगायचा, "बाकी नऊ बोटं गिऱ्हाईकायचे."

मी त्या वेळी तालुक्याच्या एका कचेरीत बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून होतो. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतच गेल्या. आमच्या कचेरीचा एकुलता एक लॅपटॉप त्याच्याकडेच जायचा, आणि त्याच्यावर लाल ठिपका होता. त्याला तो मानाचा वाटायचा. सरकारी काम येतं म्हटल्यावर बाकीच्या कचेऱ्या, शाळा, पतसंस्थासुद्धा त्याच्याकडे येऊ लागल्या होत्या.

माझी मुलगी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर राहून शिकत होती. दिवाळीनंतर चार दिवसांसाठी घरी आली तेव्हा तिचा लॅपटॉप चार्ज होईना. चार्जरचा दिवा लागायचा, लॅपटॉप चालायचाही, पण बॅटरी भरायची नाही, आणि पडद्यावर सूचना यायची की हा चार्जर ओळखता येत नाही. मी तिला घेऊन त्याच्याकडे गेलो. अर्थात जोडीने.

त्याने आधी बोर्डातली वीज तपासली. मग चार्जरला मीटर लावला. मग बॅटरी काढून चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरलं, पुन्हा बसवली. सूचना तीच. शेवटी त्याने चार्जरचं टोक उजेडात धरलं आणि मुलीला भिंगातून बघायला लावलं.

"ताई, मधात पाहा. केसासारखी सुई असते तिथं. तुमची मोडली."

"पण करंट येतोय ना काका?"

"करंट बाजूनं येते. सुई फक्त सांगते का मी कोन हाय. तिनं सांगतलंच नाही, तं लॅपटॉप म्हनते, चालाले तुझी मदत घेतो बावा, पन बॅटरी काही तुह्या भरोशावर सोडत नाही."

मुलगी खूप हसली. प्रोजेक्टची घाई आहे, असं तिने त्याला सांगितलं, पण नवा चार्जर नागपूरहून मागवायचा तर आठ दिवस. तोवर हाच वापरा, वीज असेतोवर चालेल, म्हणाला. मग सवयीने ठिपका द्यायला बाटली काढली. मुलगी म्हणाली, "काका, मला जांभळा." त्याने खरोखरच पिशवीतून जांभळी बाटली शोधून काढली.

होस्टेलवर भारनियमन दिवसाचे सात-आठ तास. सोमवारी तिचं शेवटचं प्रोजेक्ट जमा करायचं होतं. बॅटरी भरल्याशिवाय ते होणार नव्हतं, आणि ती रडवेली झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद करताना मी कचेरीचा चार्जर माझ्या पिशवीत घातला आणि तिचा कचेरीच्या बॅगेत ठेवला. कंपनी एकच होती, टोक तेच, डबी तीच. कचेरीत लॅपटॉप टेबलावरच चालतो, वीज गेली तर आमचं इन्व्हर्टर होतं. आठ दिवसांचा प्रश्न होता. कोणाच्या लक्षातही येणार नव्हतं.

अमरावतीच्या गाडीत बसताना मुलीने विचारलं, "बाबा, या नव्यावरही काकांचा ठिपका?"

"त्यांच्याकडूनच घेतला," मी म्हणालो. त्या प्रकरणात मी उघड खोटं बोललो ते एवढंच. बाकी सगळं खरं बोलूनच केलं.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. हिरवी झाडं पंधरा दिवसांत तांबडी होऊन वाळत होती. लोक उपटलेली झाडं कचेरीच्या पायऱ्यांवर आणून ठेवत, आम्ही ती ओलांडून आत जात असू. नुकसानीचे पंचनामे एरवी कागदावर व्हायचे आणि मग आठ-आठ दिवस कचेरीत भरले जायचे. सोमवारी सकाळी अचानक हुकूम आला: लॅपटॉप गावातच न्या, याद्या तिथेच भरा, मंगळवारी संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला पोचल्या पाहिजेत.

मी बॅगेकडे बघत उभा राहिलो. बॅटरीत थोडं तरी असेल, असं स्वतःला सांगितलं.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या गावच्या शाळेच्या ओसरीवर लॅपटॉप बंद पडला. पुढे शंभरेक माणसं सातबारे घेऊन बसलेली. चार्जर लावला तर शाळेत वीज नव्हती. सरपंचाच्या घरून तार ओढली, दिवा लागला, लॅपटॉप सुरू झाला, पुन्हा वीज गेली, पुन्हा सगळं काळं. भरलेली यादी अर्धी गेली. त्या तीन गावांची नावं मदतीच्या पहिल्या टप्प्यात जाऊ शकली नाहीत. दुसरा टप्पा कधी, हे कोणालाच सांगता येईना.

साहेब नवे होते, साताऱ्याकडचे. कचेरीत परत आल्यावर त्यांनी चार्जर टेबलावर आपटला. "ही काय भानगड आहे? काल रात्रभर लावून ठेवला होता ना? मग बॅटरी भरली का नाही? मला वर काय उत्तर द्यायचं?"

मी म्हणालो, "साहेब, मागच्याच आठवड्यात रिपेरीला गेला होता."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पंख्यातली धूळ काढायला खरंच गेला होता.

आवक-जावक सांभाळणारा आमचा कारकून जवळच उभा होता. "तरी मी म्हनत होतो," तो म्हणाला, "कोनाले बी काहून देता सरकारी वस्तू? कोन कुठचा, कोनत्या वस्तीतला, काही तं पाहा लागते." साहेबांनी मान हलवली. मी ऐकलं. मलाही त्याचा अर्थ कळला होता. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं, कारण आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

साहेबांनी त्याला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत मी चार्जर घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेलो आणि ब्लेडने जांभळा ठिपका खरवडला. बराचसा निघाला. डबीवरच्या उठावाच्या अक्षरांत थोडा अडकून राहिला.

तो आला. दारातच दोन्ही तळहात शर्टावर पुसले. "नमस्कार साहेब. नमस्कार बडेबाबू." साहेबांनी चार्जर पुढे केला. "हा तुम्ही दिलेला आहे?"

त्याने टोक उजेडात धरलं. भिंगाची गरज पडली नाही. मोडलेली सुई त्याने मागच्याच आठवड्यात पाहिली होती. मग डबी उलटी केली, आणि त्याचा अंगठा त्या अक्षरांवर येऊन थांबला. तिथे जांभळा रंग होता. अंगठा त्याने तिथून हलवला नाही. साहेबांना ती जागा दिसू नये अशा बेताने डबी धरून ठेवली.

"हा तुमच्या जोडीचा नाही साहेब," तो म्हणाला.

"तेच विचारतोय. मूळ चार्जर कुठे गेला?"

"मी जोडी जशीच्या तशी देल्ली होती."

"मग काय आम्ही बदलला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माणूस एखाद्याची वाट बघतो तसं. मी समोरच्या फाईलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

साहेबांचा फोन वाजला आणि ते आत गेले. तो चार्जर टेबलावर ठेवून माझ्याजवळ आला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताईचं प्रोजेक्ट जमा झालं का?"

मी म्हणालो, "हो."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्र लिहायला सांगितलं. लॅपटॉप याद्या पुन्हा भरण्यात अडकला होता, म्हणून हातानेच लिहिलं. माझं अक्षर चांगलं, मसुदाही चांगला, असं सगळे म्हणत. 'दुरुस्तीनंतर मूळ चार्जरऐवजी दुसराच चार्जर आढळून आला आहे. सबब यापुढे सदर दुकानाकडे शासकीय काम देण्यात येऊ नये.' खाली त्याचं नाव, वडिलांचं नाव, दुकानाचा पत्ता. प्रती सगळ्या कचेऱ्यांना आणि शाळांना. प्रत्येक प्रत मीच लिहिली. दर वेळी त्याचं नाव नव्याने लिहावं लागलं.

मुलीच्या चार्जरचं सांगतो. नागपूरहून आठ दिवसांनी नवा आला. तो त्यानेच मागवला होता, आणि त्या सगळ्यानंतरही शिपायाच्या हाती कचेरीत पाठवून दिला. मुलीला नवा देऊन कचेरीचा मी मागून घेतला, तिने कारण विचारलं नाही. तो मी गुपचूप बॅगेत ठेवू शकलो असतो. सापडला म्हणू शकलो असतो. पण तोवर प्रती निघून गेल्या होत्या, आणि सापडला म्हटलं, की कुठे सापडला ते सांगावं लागलं असतं. नंतर बाजाराच्या दिवशी आर्णीला गेलो असताना तो पुलावरून अरुणावती नदीत टाकला.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. तालुक्याच्या गावात अशी गोष्ट पत्राच्या आधी पोचते. त्याचं दुकान तिसऱ्या महिन्यापर्यंत चाललं. लोक मोबाईल द्यायला येत आणि त्याच्यासमोर बसून राहत, नजर हटवत नसत. एकाने तर बॅटरीवर सही करून दिली होती म्हणे. मी स्वतः समोरच्या पानठेल्यावर उभा राहून पाहिलं, तो टेबल पुसत होता, आणि एक गिऱ्हाईक त्याच्या हातांकडे एकटक बघत होतं. मी पान घेतलं आणि दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो. मग एक दिवस ती रेडिओची पाटी उतरली. कोणी म्हणालं महागावला गेला, कोणी म्हणालं बायकोच्या माहेरी.

माझी निवृत्ती झाली. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "बडेबाबूंच्या टेबलावरून चुकीचा कागद कधी गेला नाही." टाळ्या झाल्या.

त्यानंतर चार वर्षांनी चतुर्थीला आम्ही दोघं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. हिची चप्पल तुटली म्हणून मी चांभार शोधत बाजारात फिरत होतो, आणि मोबाईलच्या एका दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी तो दिसला. दुकान दुसऱ्या कोणाचं होतं. केस पांढरे झाले होते. मी वळणार तेवढ्यात त्याने वर पाहिलं.

"या ना बडेबाबू. बसा." स्टूल पुढे ओढलं, चहा सांगितला. "ताई कशी हाय?"

"लग्न झालं. पुण्याला असते. नोकरी करते."

"वा. हुशारच होती ते."

चहा आला. तो एका मोबाईलचे स्क्रू काढत होता. मी म्हणालो, "भाऊ, ते त्या वेळचं..." आणि चहाचा घोट घेतला.

त्याने स्क्रू डबीत ठेवला. "राग कायचा बडेबाबू," तो म्हणाला. "मी सांगतलं असतं तं मानलं कोनं असतं? एकीकडं तुम्ही, एकीकडं मी. अन् पोरीचं नाव आलं असतं मधात." त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "पन मी आठ दिवस दुकान सोडून कुठं गेलो नाही. पोराले ताप होता, तरी घरी जेवाले नाही गेलो. डबा तिथंच आनवत होतो. म्हटलं, बडेबाबू येतीन, अन् मी नसलो तं तसेच परत जातीन."

इतकं सांगून तो पुन्हा स्क्रूकडे वळला. तेवढ्यात ही अनवाणी पायांनी शोधत आली. "अहो, चप्पल राहिली की. चला, गाडी जाईल." त्याने उठून हिला नमस्कार केला, चांभार कुठे बसतो ते दाखवलं.

मी उठलो. त्याला म्हणालो, "चहा चांगला होता."

एवढंच म्हणालो.

त्यानंतर मी तीन वेळा एकटा कळंबला गेलो. गाडीत बसून वाक्य पाठ करायचो. एकदा दुकान बंद होतं. एकदा दुकानात गर्दी होती, आणि मी मोबाईलचं कव्हर विकत घेऊन परत आलो. त्याने ते मला स्वतः बसवून दिलं. तिसऱ्या वेळी मालक म्हणाला, "ते? ते तं दोन महिने झाले, गेले. किडनीचं होतं. तुमी नातेवाईक का?"

मी घर विचारत गेलो. त्याची बायको अंगणात तूर पाखडत होती. मी कुठून आलो ते सांगितलं, नाव नाही सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्याचा फोटो होता, त्यावर ताजी फुलं होती.

"वळखीचे होते का?" तिने विचारलं.

"हो. आमच्या कचेरीचं काम करायचे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "त्याच कचेरीचं? मंग तुमाले तरी मालूम असन. कोनं बदलला होता जी तो चार्जर? मी लई खेपा इचारलं. यायनं मले शेवटलोक सांगतलं नाही. म्हने, जाऊ दे, ज्याले मालूम हाय त्याले मालूम हाय."

मी पाण्याचा गडू हातात धरून बसलो होतो. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. विचारणारी बाई समोर होती, उत्तर मला माहीत होतं, आणि ते तीन शब्दांचं होतं. मी म्हणालो, "आता खूप वर्षं झाली बाई." पाणी प्यायलो आणि निघालो.

आज त्या गोष्टीलाही पाच वर्षं झाली. हे छापून आलं तर माझी मुलगी वाचेल. तिला आजवर काही माहीत नाही, आणि यात तिचा काही दोषही नाही. तिने एका माणसाकडून फक्त एक जांभळा ठिपका मागितला होता. त्या तीन गावांतले लोकही कदाचित वाचतील. त्यांचं देणं वेगळं आहे, त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. पण ज्याने वाचायला हवं तो वाचणार नाही.

कळंबच्या गाडीत पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. पुस्तकी भाषेत करून पाहिलं होतं, तोंडात बसेना. म्हणून आपल्या बोलीतच केलं होतं.

भाऊ, चार्जर म्या बदलला. तुम्ही नाही. तुमचं नाव म्या घालवलं, अन् ते समद्यायपुढं सांगाची माही हिंमत झाली नाही. मले माफ करा.